पाऊण मीटर तार

नाशिकहून जव्हारला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीची जागा रेडिओसाठी धरतो. शर्टाच्या खिशात अंगठ्याएवढा म्युझिक प्लेअर, त्याला इअरफोन, एवढाच सरंजाम. त्र्यंबकेश्वर मागं पडेपर्यंत आकाशवाणीचं नाशिक केंद्र, १०१.४ मेगाहर्ट्झ, शेजारी बसून कुणी बोलावं इतकं स्वच्छ लागतं. तोरंगणचा घाट सुरू झाला की गाण्याच्या पाठीमागं बारीक पाऊस पडायला लागतो. दोन वळणांनी निवेदिकेचं वाक्य मधेच तुटतं, तिसऱ्या वळणावर तिचे दोन शब्द परत येतात आणि मग कानात नुसती खरखर उरते. मोखाड्याच्या स्टँडवर गाडी थांबते तेव्हा नाशिकचा मागमूस नसतो. नकाशावर मोजलं तर नाशिक तिथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाही.

त्याच गाडीनं पुढं जव्हारला उतरावं आणि गावाच्या पश्चिमेला, कड्यावर जाऊन उभं राहावं. वायर हाताएवढी लांब सोडावी. कानात मुंबई येते, शंभर किलोमीटरहून लांबची. धुरकट येते, मधेच दम खाते, पण येते.

जव्हार-मोखाड्यात कामासाठी माझं जाणंयेणं बरीच वर्षं आहे आणि प्रत्येक खेपेला हा प्लेअर सोबत असतो. इथं रेडिओ ऐकायचा म्हणजे तो आधी पकडायला लागतो. कुठल्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, काय लागतं, कुठल्या वळणावर काय जातं, पावसाळ्यात कुठून येतं, हे इथल्या माणसांना पायवाटांसारखं पाठ असतं. हे शहाणपण कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला ते फार मोलाचं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. जव्हारचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी इथं राज्य स्थापलं आणि ते १९४८ पर्यंत टिकलं, त्याला या उंचीचा आणि भोवतीच्या दऱ्यांचा मोठा आधार होता. सुरतेकडे जाताना १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला असं मानतात ते शिरपामाळ याच पठारावर. पश्चिमेला कडा तुटतो आणि खाली डहाणू, पालघरकडचा सखल मुलूख पसरतो. आभाळ निवळलेलं असेल तर सनसेट पॉइंटवरून डहाणूच्या महालक्ष्मीचा सुळका दिसतो, असं जव्हारकर सांगतात. पूर्वेला चित्र उलटं. मोखाडा ओलांडला की सह्याद्रीची भिंत: ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, बसगड. यातले माथे हजार मीटरच्या पुढचे. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी तर जवळपास तेराशेला टेकलेले. नाशिकचा मनोरा या भिंतीच्या पलीकडे आहे.

एफएमची लाट बहुतांशी नजरेसारखी, सरळ चालते. मधे डोंगर आला की त्याच्या पाठीमागं सावली पडते. ही सावली अगदी काळी नसते. लाट डोंगराच्या धारेवरून थोडी वाकते आणि उतारावर जरा पुढं जाऊन झिरपते. पण पायथ्याच्या खोल दरीतल्या पाड्यावर जवळजवळ काहीच उरत नाही. मोखाड्याचे कितीतरी पाडे नेमके अशा दऱ्यांमध्ये, पाण्याच्या कडेनं वसलेले.

मुंबईचं गणित वेगळं. पृथ्वी गोल असल्यामुळे प्रत्येक मनोऱ्याला आणि प्रत्येक श्रोत्याला क्षितिज असतं. रेडिओवाल्यांचा एक सोपा आडाखा आहे: उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१२ नं गुणायचं, की रेडिओच्या क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. साडेचारशेचं वर्गमूळ एकवीसच्या आसपास, म्हणजे जव्हारच्या कड्याचं क्षितिज सत्त्याऐंशी किलोमीटर. मुंबईत दीडशे मीटर उंचीवर अँटेना असेल तर तिचं क्षितिज पन्नास किलोमीटर. दोन्हींची बेरीज जव्हार-मुंबई अंतरापेक्षा जास्त भरते. वाटेत कामणदुर्ग, तुंगारेश्वरचे डोंगर मान वर काढतात, त्यांच्या माथ्यावरून लाट वाकून येते आणि येताना थकते. तरी पोचते. वाळवंडा, दाभोसा या बाजूला दरीत उतरलं की हे सगळं संपतं.

कड्यावरची सगळ्यात विलक्षण गोष्ट मला ९८.३ वर सापडली. रेडिओ मिर्चीचं मुंबई केंद्रही ९८.३ वर आहे आणि नाशिक केंद्रही. एफएमच्या रिसीव्हरला एक खोड असते: एकाच आकड्यावर दोन आवाज आले तर जो थोडा जास्त जोराचा, तो दुसऱ्याला पुरता गिळतो. जुन्या मीडियम वेव्हवर दोन स्टेशनं एकमेकांत मिसळून गोंगाट करायची, तसं इथं होत नाही. पठारावरच्या एका मोकळ्या माळावर मी वायर हातात धरून उभा होतो. तोंड पश्चिमेला असताना मुंबईच्या रहदारीबद्दल बोलणं चाललं होतं. मी पूर्वेला वळलो, माझं स्वतःचं शरीर मधे आलं, आणि वाक्य न तुटता नाशिकच्या एका सराफाची जाहिरात सुरू झाली. परत वळलो, परत मुंबई. दोन शहरांच्या मधली सीमा माझ्या पावलाखाली होती.

जुन्या माणसांना यातलं काही करावं लागत नव्हतं. मुंबईचं पहिलं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, आणि पुढं कित्येक दशकं रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह. ती लाट शेकडो मीटर लांबीची, जमिनीला धरून चालणारी. डोंगर तिला फारसा अडवत नाही. मालाडच्या मालवणीतल्या मनोऱ्यांवरून निघालेली मुंबई केंद्राची ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी मोखाड्याच्या दरीतही दिवसा ऐकू यायची. त्या रेडिओच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते, तीच त्याचं एरियल. म्हणून म्हातारी माणसं अख्खा रेडिओच फिरवून ठेवायची. जव्हारच्या एका निवृत्त गुरुजींनी मला कोनाड्यातली जागा दाखवली. तिथं त्यांचा ट्रान्झिस्टर तिरका असायचा, आणि सारवताना कुणी तो सरळ ठेवला तर ते रागवायचे. ‘पुन्हा प्रपंच’ ऐकायला शेजारपाजार जमायचा. नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी त्या कोनाड्यातून बोलायचे. गुरुजी म्हणाले, “मुंबई काय असते ते आम्हाला टेकाडे भावजींनी सांगितलं. आम्ही गेलो फार नंतर.”

खेड्यानं रेडिओ नुसता ऐकू नये, त्यावर बोलावं, हा प्रयोगही महाराष्ट्रातलाच. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. त्या चळवळीचा पाया हाच होता की रेडिओ गावात नीट लागतो.

एफएम भारतात पहिल्यांदा १९७७ मध्ये मद्रासला आलं. खासगी वाहिन्या २००१ पासून. आता आकाशवाणीसुद्धा मीडियम वेव्ह कमी करत एफएमकडे वळली आहे. आवाजाच्या दृष्टीनं ते योग्य आहे. एफएमचा सूर मीडियम वेव्हला कधीच साधला नसता. पण डोंगराळ तालुक्यांचं यात नुकसान झालं आहे आणि ते कुणी मोजलेलं नाही. सपाट मुलखात एक मनोरा शेकडो गावांना पुरतो. जव्हार-मोखाड्यात एकाच गावाचे दोन पाडे, एक टेपावर आणि एक ओहोळाकाठी, त्यातल्या एकाला रेडिओ लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही.

आणि तरी इथं रेडिओ भरपूर दिसतो. फक्त त्याला आता रेडिओ म्हणत नाहीत. आठवडी बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारा तो चौकोनी डबा: मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, एक टॉर्च आणि एफएम. कार्डावर तारप्याची, गौरीची, लग्नाची गाणी भरून मिळतात. एफएमचं बटण त्यात असतं, पण ते दाबलं की खरखर येते म्हणून बरेच जण नाद सोडतात. बटणाचे मोबाईलही हातोहाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच फोनांत इअरफोन लावल्याशिवाय एफएम चालू होत नाही. हेच ते म्युझिक प्लेअर. त्यांच्याकडून चांगलं काम करून घेणं अवघड नसतं, हे मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आठवीतल्या मुलाकडून शिकलो.

त्याच्याकडे असाच डबा होता, एरियलची काडी मोडलेली. मोडक्या बुंध्याला त्यानं तांब्याची एक बारीक तार गुंडाळली होती, जळक्या चार्जरमधून काढलेली. तारेचं दुसरं टोक करवंदीच्या जाळीवर टाकलेलं. मी विचारलं, एवढीच का, अजून लांब का नाही? तो म्हणाला, “सर, लई लांब केली तर उलटं खरखरतं. एवढीच बरी.” मी पिशवीतली टेप काढून मोजली. त्र्याहत्तर सेंटिमीटर.

ते योगायोगानं नव्हतं, त्यानं कापून कापून शोधलेलं होतं. एफएमचा पट्टा साडेसत्त्याऐंशी ते एकशे आठ मेगाहर्ट्झ. शंभर मेगाहर्ट्झला लाटेची लांबी तीन मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा, पाऊण मीटर, ही तारेची सर्वांत सोयीची लांबी. इतक्या लांबीची तार त्या लाटेशी सूर जुळवते, तंबोऱ्याची तार जुळावी तशी. इअरफोनची वायर साधारण सव्वा मीटरची असते. तीसुद्धा एरियलचंच काम करते, म्हणून ती खिशात गुंडाळून ठेवली की रेडिओ बहिरा होतो. वायर मोकळी, शक्य तितकी सरळ आणि अंगापासून थोडी लांब हवी. आधी उभी लोंबती धरून पाहायची, मग आडवी, कारण काही मनोऱ्यांची लाट उभी येते तर काहींची दोन्ही अंगांनी. दरीत तर डोंगरावर आपटून आलेल्या लाटेचा काही नेमच नाही.

मुलानं दुसरी गोष्ट दाखवली ती मला आधी माहीत नव्हती. आवाज तुटायला लागला की तो डबा उचलून दोन ढांगा सरकायचा आणि पुन्हा ठेवायचा. डोंगराळ भागात सरळ आलेली लाट आणि कड्यावर आपटून आलेली लाट एकमेकींना भिडतात. काही ठिकाणी जोर वाढतो, काही ठिकाणी दोन्ही एकमेकींना मारतात. ही जागा दीड मीटरच्या आतबाहेर बदलते. म्हणून नवं यंत्र घेण्याआधी दोन ढांगा सरकून पाहावं.

तिसरी युक्ती त्याच्या थोरल्या भावाची. खाली घराशी ‘ऑटो’ दाबलं तर यंत्र अख्खा पट्टा पळत जातं आणि एकही स्टेशन न धरता सुरुवातीला येऊन थांबतं, कारण क्षीण स्टेशन त्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणून भाऊ डबा घेऊन टेपावर जायचा, तिथं ऑटो करायचा, सापडलेली स्टेशनं यंत्रात बसायची, आणि मग खाली उतरायचा. खाली तेच आकडे हातानं निवडले की आवाज क्षीण का होईना, लागायचा. मोबाईलच्या रेंजसाठी इथली माणसं टेपावर चढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. रेडिओसाठी एकदाच चढावं लागतं.

याच प्लेअरबाबत माझी एक चूक सांगतो, कारण ती अनेकांची होत असावी. पहिले कित्येक महिने माझ्या प्लेअरवर नाशिकचं १०१.४ आणि मुंबईची विविध भारती, १०२.८, ही दोन्ही कधी नीट लागलीच नाहीत. ९८.३ लागायचं, एफएम गोल्डचं १००.७ लागायचं, रेनबोचं १०७.१ लागायचं. मी डोंगराला बोल लावत बसलो. मग एका रात्री सेटिंग उलगडून बसलो तेव्हा दिसलं, ‘एफएम रिजन’ या ठिकाणी अमेरिका निवडलेली होती. अमेरिकेत स्टेशनांमध्ये दोन दशांशांचं अंतर असतं आणि सगळे आकडे विषम: १०१.३, १०१.५, १०१.७. त्या सेटिंगमध्ये यंत्राला १०१.४ हा आकडाच माहीत नसतो; ते शेजारून जातं आणि फाटका आवाज देतं. युरोप निवडल्यावर नाशिक पहिल्या झटक्यात आलं. जपान निवडलेलं असेल तर जुनी यंत्रं नव्वदच्या पुढं जातच नाहीत. तेव्हा खरखरीचं खापर डोंगरावर फोडण्याआधी ही एक ओळ तपासावी.

त्याच मेनूत बहुधा ‘मोनो’ असतं. ते लावावं. स्टिरिओच्या दोन आवाजांतला फरक वेगळ्या, नाजूक लाटेवर येतो आणि सिग्नल क्षीण झाला की खरखरीची पहिली लागण तिथं होते. मोनो केलं की ती बाजूच बंद होते. गाणं एका अंगानं ऐकू येतं, पण शब्द कळतात. बातम्या आणि हवामान ऐकणाऱ्याला आणखी काय हवं?

जव्हारच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं एक खोपटवजा दुकान आहे. तिथल्या कारागिरानं मला सांगितलं की पावसाळ्यात त्याच्याकडे ‘रेडिओ मेला’ म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी बरीच यंत्रं नुसती पिन पुसून बरी होतात. इथला पाऊस चार महिने हटत नाही, दमटपणानं इअरफोनची पिन काळी पडते, आणि एरियलची वाट तिथंच बंद होते. त्याच्या टेबलावर शाळकरी खोडरबर होतं. त्यानं पिन त्यावर तीन-चारदा घासली, कोरड्या फडक्यानं पुसली, खटकन बसवली. “काका, ही घ्या, झालं,” असं म्हणून त्यानं गिऱ्हाइकाला डबा परत दिला, पैसे घेतले नाहीत.

खरखरीचा दुसरा कारखाना घरातच असतो. स्वस्त चार्जर, स्वस्त एलईडी दिवा, सौर दिव्याची पेटी, या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडली जाते आणि त्या तोडजोडीचा कचरा एफएमच्या पट्ट्यात येऊन पडतो. डबा चार्जिंगला लावून एफएम ऐकू नये. पॉवर बँकेचाही तोच त्रास. आधी चार्ज करावा, मग वायर काढून ऐकावा. एका घरात आम्ही सौर पेटीचं बटण बंद केलं आणि अंधारात मुंबई लख्ख बोलायला लागली. त्या घरच्या आजीनं पेटी परत लावू दिली नाही, जेवणं चुलीच्या उजेडात झाली.

घराचंही बदललं आहे. वारली, कोकणा, कातकरी यांची जुनी घरं कारवीच्या कुडाची, वरून माती-शेणानं लिंपलेली. कारवीच्या भिंतीतून एफएमची लाट सहज आरपार जाते. रेडिओ आत ठेवा की ओटीवर, फरक पडत नव्हता. आता घरकुलं आली, स्लॅब आला, आणि वर लोखंडी पत्रा आला. पावसापासून निवारा मिळाला, ते मोठंच काम झालं. मात्र पत्रा लाटेला परतवतो आणि स्लॅबमधल्या सळया तिला चाळतात. म्हणून नव्या घरात रेडिओ खिडकीत लागतो, आणि तोही पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या खिडकीत. एका घरात तार खिडकीबाहेर काढून वाळवणाच्या दोरीला बांधलेली पाहिली, कपड्यांबरोबर ती वाऱ्यानं हलायची आणि आवाजही हलायचा. तार झाडाला बांधणारे पुष्कळ. वीज कडाडायला लागली की ती काढून ठेवावी, आणि विजेच्या खांबाच्या तारांजवळ कधीही टाकू नये. हे आपण ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी सांगितलं पाहिजे.

जव्हारच्या हवेचा एक गुण मुंबईलाही नाही. मुंबईत पट्टा गच्च भरलेला, मनोरे डोक्यावर, आणि छोट्या प्लेअरचा कान त्या दणक्यानं बधिर होतो. इथं पट्टा रिकामा, त्यामुळे लांबचा क्षीण आवाज शेजारच्या गोंगाटात बुडत नाही. थंडीच्या पहाटे दऱ्यांत धुकं साचतं, खाली गार हवा आणि वर उबदार थर तयार होतो, तेव्हा लाट त्या थराखालून घसरत फार दूर जाते. अशा एका पहाटे मला गुजराती बोलणं सूर्य वर येईपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. आठ वाजता ते विरलं.

इथवर तारेचं झालं. आता तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बोलतंय, हे विचारलंच पाहिजे. एवढी खटपट करून मोखाड्याच्या माणसाला मिळतं काय? मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा खोळंबा, तिथल्या पुलावरची कोंडी. वैतरणेचं पाणी याच डोंगरांतून मुंबईला जातं. मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा ही धरणं भरली की मुंबईच्या बातम्यांत आनंद होतो. त्या पाण्याच्या काठावरच्या पाड्यात नागलीवर काय पडलं, वरईची आवणी किती झाली, आज दवाखान्यात डॉक्टर आहेत का, हे त्या पट्ट्यावर कुणी सांगत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली तेव्हा महाराष्ट्र हादरला. आजाराची आणि उपाशीपणाची खबर तालुक्याच्या गावाला पोचायलाच किती उशीर लागतो, ते तेव्हा कळलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. आवाज मात्र जवळ आला नाही.

उपाय अस्तित्वात आहे. केंद्र सरकारनं २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. शंभर वॅटची ताकद आणि तीस मीटरचा मनोरा, एवढी त्याची मर्यादा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग चालतो, सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळला येरळा वाणी आहे. दुष्काळी मुलखातली ही केंद्रं त्यांच्या माणसांच्या बोलीत बोलतात. नाशिकच्या रेडिओ विश्वासनं, ९०.८ वर, २०२० च्या टाळेबंदीत जे केलं ते मला या सगळ्यात मोठं वाटतं. शाळा बंद, मुलांकडे स्मार्टफोन नाहीत. दीडशे शिक्षकांनी तिसरी ते दहावीचे पाठ स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले आणि ते ‘शिक्षण सर्वांसाठी’ या नावानं प्रसारित झाले. साडेचारशेवर मुलांना एफएमचे छोटे संच वाटले गेले, यूएसबी आणि ब्लूटूथ असलेले, म्हणजे मोखाड्याच्या बाजारात मिळतात त्याच जातीचे. ते पाठ त्र्यंबकच्या डोंगरापर्यंत आले असतील. शंभर वॅटची लाट ती भिंत ओलांडत नाही.

म्हणून मला वाटतं, मोखाडा तालुक्यात सूर्यमाळसारख्या उंच माळावर एक असं केंद्र असावं. शंभर वॅट तिथून खाली दरीत बघतील. जव्हारच्या पठारावर दुसरं. वारली आणि कोकणा बोलीत बोलणारं, तारपा वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येईल असं, आणि पाऊस यायच्या आधी सांगणारं. खर्चाच्या अडचणी मला माहीत आहेत. वीज जाते, माणसं स्थलांतर करतात, जाहिराती मिळत नाहीत. तरीही हे व्हावं.

तोवर तार. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल बनवणाऱ्यांना सांगितलं की फोनमधलं एफएम बंद करू नका. ते बरं केलं; पण नव्या फोनांतून इअरफोनचं भोकच नाहीसं होत चाललं आहे, आणि ब्लूटूथच्या इअरफोनला एरियल होता येत नाही. हा बाजारातला डबा, हा बटणाचा फोन, हेच पुढची काही वर्षं इथला रेडिओ असणार.

वाघबारस झाली की जव्हार-मोखाड्याची दिवाळी लागते. घरात नवं धान्य आलेलं असतं, तारपा वाजतो, आणि त्यानंतर ट्रक येतात. भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गेल्या दिवाळीनंतर अशाच एका पाड्यावर होतो. एक बाई गाठोडी बांधत होती. ओटीवर डबा वाजत होता, माझ्यासमोर आठवड्यापूर्वी लावलेली तार त्याला होती, पश्चिमेच्या वाशाला अडकवलेली. तिनं विचारलं, “दादा, भट्टीवर लागंल का ह्यो?”

मी म्हटलं, “बाय, तिथं मुंबई जवळ आहे. तार न लावतासुद्धा लागेल.”

तिनं तार वाशावरून सोडवली. रिकाम्या काडेपेटीवर एकेक वेढा देत गुंडाळली, टोक आत खोचलं. मग काडेपेटी नागलीच्या पिशवीत, दाण्यांत खोल घातली, आणि पिशवीचं तोंड बांधलं.